चप्पल काढून चालवायचं यान

वाडेगावकर काका आपलं अंतराळयान चालवायला बसण्याआधी चप्पल काढतात. खोलीच्या दाराबाहेर, टाचा भिंतीला लावून, दोन्ही अगदी शेजारी शेजारी. मग हात धुतात, कीबोर्डवर एक फुंकर मारतात, "नर्मदे हर" म्हणतात आणि बटण दाबतात. यान सुटतं.

हे यान म्हणजे एक इंग्रजी अक्षर आहे. काळ्या पडद्यावर हिरवं. आजूबाजूचे ठिपके म्हणजे रिकामं आकाश, फुल्या म्हणजे तारे, आणि मध्येच दिसणारं एखादं वेगळं अक्षर म्हणजे शत्रू. चित्रं नाहीत, आवाज नाही, माऊस नाही. कॉम्प्युटर एक अख्खी खोली अडवून बसायचे त्या काळातला हा खेळ. आपण यानाचे कॅप्टन. आकाशाचे चौकोन पाडलेले. एकेका चौकोनात जायचं, किती वेगाने ते 'वार्प'च्या आकड्यात सांगायचं, शत्रू शोधायचे, तोफा डागायच्या, यानाभोवतीची अदृश्य ढाल वर करायची, इंधन संपत आलं की तळावर जाऊन भरून घ्यायचं. सगळं आकडे टाइप करून. मी पहिल्यांदा लांबून पाहिला तेव्हा मला ते विजेचं बिल वाटलं होतं.

काका इथे जबलपूरला आमच्या शेजारी राहतात. आमच्या आणि त्यांच्या अंगणात एक कमरेएवढी भिंत आहे आणि तिच्यावर दोन्ही घरांच्या कुंड्या. मी हे मराठीत लिहिते आहे, कारण लिहू का असं विचारलं तेव्हा काकांनी तशी अट घातली. मला इंग्रजीत सोपं गेलं असतं. अट का घातली, ते पुढे कळेलच.

चपलेचं कारण असं. काका विजेच्या ऑफिसात नोकरीला होते. तिथे पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला एसी खोली मिळाली, जी साहेबांनाही नव्हती. बाहेर पाटी लागली: पादत्राणे बाहेर काढावीत. नारळ फुटला. साहेबांनी पडद्याला कुंकू लावलं आणि ते पुसायचं कसं यावर दोन विभागांत पत्रव्यवहार झाला. धूळ लागली की कॉम्प्युटर आजारी पडतो, असं सगळ्यांना सांगण्यात आलं होतं. पुढे बाकीचे लोक ते विसरले. काका विसरले नाहीत. आजही दसऱ्याला त्यांच्या घरी कीबोर्डवर झेंडूचं फूल असतं.

खेळ त्यांना एका जाड इंग्रजी पुस्तकात सापडला. म्हणजे खेळाचा प्रोग्रॅम पुस्तकात छापलेला होता आणि तो ज्याचा त्याने टाइप करून घ्यायचा होता. काकांनी जेवणाच्या सुट्टीत बसून तो टाइप केला. साहेबांनी विचारलं की काय चाललंय, तर म्हणाले, "मशीन गरम करून राहिलो साहेब." तो कॉम्प्युटर ऑफिसने मोडीत काढला तेव्हा काकांनी तो सायकलरिक्षातून घरी आणला, मांडीवर धरून, वर टॉवेल झाकून. शालूकाकूंनी दार उघडलं, टॉवेल उचलून पाहिला आणि त्या म्हणाल्या, "आणली सवत?" ही हकिकत त्या स्वतःच सांगायच्या, दर हळदीकुंकवाला. त्यानंतर काकांनी यंत्रं बदलली, पण खेळ तोच राहिला. एका बरणीतलं लोणचं दुसऱ्या बरणीत काढावं तसा तो या यंत्रातून त्या यंत्रात जात राहिला.

खेळ खोलीतच राहिला असता तर कुणाची हरकत नव्हती. पण काका यानातून कधी उतरलेच नाहीत. दूधवाला म्हणजे रसद. कुकरची शिट्टी म्हणजे रेड अलर्ट. सोसायटीचे अध्यक्ष म्हणजे शत्रू. मी म्हणजे लेफ्टनंट.

एकदा गोलबाजारातून मी आणि ते एकाच ऑटोने परत आलो. काका पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणाले, "भैया, वार्प दो पे रखना. तीन पे कमर का इंजन बैठ जाता है." ड्रायव्हरने आरशात आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत माझ्याविषयी सहानुभूती होती. मी मोबाइल काढला आणि बंद पडद्याकडे बघत बसले.

आणखी एकदा मी बाल्कनीत बसून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. मी घरून काम करते. एका कंपनीच्या वेबसाइटवरची बटणं दाबून ती चालतात का ते बघायचं, असं माझं काम आहे. बंगळूरचे सगळे लोक समोर चौकोनांत बसले होते आणि माझा माईक चालू होता. भिंतीपलीकडून आवाज आला, "लेफ्टनंट रेवा, रिपोर्ट." पाठोपाठ, "टमाटे येऊन राहिले पनागरहून, तुमच्या घरी पाठवू का?" एकाने विचारलं, हे कोण. मी म्हटलं, टीव्ही आहे. त्या आठवड्यात मी काकांच्या अंगणाकडे पाहिलंच नाही.

मला लाज फार लवकर वाटते. ती मला काकांची वाटते तशी स्वतःच्या मराठीचीही वाटते. नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते तेव्हा माझे आजोबा नोकरीसाठी इकडे आले. मग राज्यांच्या रेषा बदलल्या, नागपूर तिकडे गेलं आणि आजोबा इकडे राहिले. त्यांची मराठी बाबांपर्यंत नीट पोचली. माझ्यापर्यंत येताना ती वाटेत कुठेतरी उतरून हिंदीच्या गाडीत बसली. शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी. मला मराठी सगळी समजते. बोलायला लागले की नागपूरच्या मावश्या म्हणतात, किती गोड बोलते. लहान मूल नाचलं की म्हणतात ना, तसं गोड. म्हणून मी मराठीत शक्यतो मान हलवते.

शालूकाकू मात्र फक्त मराठीतच बोलायच्या, आणि भिंतीपलीकडून. त्यांचं माहेर वर्ध्याचं. जबलपूरमध्ये अख्खा संसार केला, पण भाजीवाल्याशीही मराठीत भांडल्या, आणि जिंकल्या. शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या की मी भिंतीकडची खिडकी लावून घ्यायची, कारण कधीही हाक यायची: "रेवा, काहून गं उन्हात फिरून राहिली? डोकं तपलं की मंग रडशील." माझ्या मैत्रिणी त्या 'काहून'ची नक्कल करायच्या. मीही हसायची.

काकू गेल्या त्याला आता दोन हिवाळे झाले. ताप आला, दवाखान्यात नेलं आणि त्या परत आल्या नाहीत. त्यानंतर काका बाहेर जास्तच मोठ्याने बोलायला लागले. घरात मात्र काही ऐकू यायचं नाही.

आता काकांच्या कॅप्टनकीविषयी. सांगायला नको, पण काका फार वाईट कॅप्टन आहेत. लहान असताना आम्ही मुलं त्यांच्या खिडकीतून डोकावायचो. काका पडद्यासमोर असे रुंद होऊन बसायचे की फक्त कडा दिसायची. "क्लासिफाइड आहे, चलो, निघा." पण आकडे टाइप करताना ते पुटपुटायचे आणि तेवढ्यावरून सगळं कळायचं. काका ढाल कधीच वर करायचे नाहीत. शत्रू समोर, ढाल खाली. इंधन संपत आलेलं, तळ शेजारी, तर हे उलट्या दिशेला. मी एकदा न राहवून खिडकीतून म्हटलं होतं, काका, ढाल. त्यांनी मागे वळून न बघता उत्तर दिलं, "कॅप्टन जाणतो." संध्याकाळी फाटकापाशी बाबांना सांगायचे, आज पुन्हा शहीद झालो. सांगताना चेहरा मात्र पोटभर जेवल्यासारखा असायचा.

यंदा गणपतीच्या आधी इथल्या मराठी मंडळाच्या सचिवबाईंचा काकांना फोन आला. मंडळात एका दुपारी ज्येष्ठांचे छंद असा कार्यक्रम होता. कुणी नाणी दाखवणार, कुणी बासरी वाजवणार. काकांनी आपला प्रसिद्ध खेळ भिंतीवर मोठा करून दाखवावा. काका हो म्हणाले. नुसतं हो नाही, तर भिंतीवरून आम्हाला सांगितलं की मंडळाला आता कळेल कमांड कशाला म्हणतात. दोन दिवसांनी आईला म्हणाले की पडदा खराब झालाय, अक्षरं धूसर येतात, रेवाला पाठव, ती कॉम्प्युटरमधलीच आहे.

मी गेले. काकांनी यान सुरू करू दिलं नाही, पण पडदा स्वच्छ होता, अक्षरं सुईसारखी. मी तसं म्हटलं, तर काका म्हणाले की तुझ्यासमोर नीट वागतो. दुसऱ्या दिवशी म्हणाले, रस्त्याच्या कामाची धूळ आत गेली आहे. तिसऱ्या दिवशी व्होल्टेज. माझा लॅपटॉप नेला, तर त्यावर बोट ठेवून म्हणाले, हाही त्यातलाच, आजकालच्या कंपन्या काही खऱ्या नाहीत. मी मान हलवली.

मग एका रविवारी दुपारी मी त्यांच्या दारात चप्पल काढली आणि आत गेले. मी कमी बोलते, चालतेही हळू. काका यानासमोर बसले होते. त्यांनी मान कोंबडीसारखी एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या. मग पुढे वाकले, आणखी पुढे, आणि त्यांचं नाक पडद्याच्या काचेला टेकलं. तसेच राहिले. मग नाक काचेला टेकवूनच एका ओळीवरून हळूहळू सरकू लागले, भिंतीवरची मुंगी सरकते तसे. काचेवर वाफेचा डाग पडत होता. मी दारात, उजेडात उभी होते आणि त्यांना मी दिसत नव्हते.

मला पळून जावंसं वाटलं. पण चप्पल घालताना आवाज झाला असता. म्हणून मी खोकले.

काका सरळ झाले. नाकाच्या शेंड्यावर धुळीचा गोल ठिपका होता. "कोण?"

"रेवा."

"केव्हापासून उभी आहेस?"

मी म्हटलं, आत्ताच आले. ते मला पटलं नाही आणि त्यांनाही नाही. ते बराच वेळ रुमालाने काच पुसत राहिले. मग त्यांनी सांगितलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं ते ठीक, पण डोळ्याच्या आतला मागचा पडदा गेलाय. बाजूचं दिसतं, मधलं नाही. माणूस दिसतो, चेहरा नाही. डॉक्टर म्हणतो, चष्म्याने होणार नाही. सांगताना आवाज इतका लहान होता की मला पुढे वाकावं लागलं. "तुझ्या बाबांना सांगू नको. कॅप्टनला दिसत नाही हे कळलं की बस, मंग सगळे हात धरून रस्ता पार करवतात."

मग ठरलं असं. मंडळात मी त्यांच्या शेजारी बसायचं. पडद्यावर काय आलं ते हळू आवाजात सांगायचं. ते हुकूम देतील, मी टाइप करीन. लोकांना सांगायचं की कॅप्टन स्वतः टाइप करत नसतो. "आणि आतलं बोलणं बाहेर नाही," ते म्हणाले. मी हो म्हटलं.

मी खेळ पेनड्राइव्हवरून लॅपटॉपवर घेतला. काका तेवढा वेळ पेनड्राइव्हच्या वर हात धरून उभे होते, दिवा विझू नये म्हणून धरतात तसा. मग मी खेळ सुरू केला. पहिलीच ओळ आली आणि मी थांबले. अक्षरं इंग्रजी होती, सगळी कॅपिटल, पण शब्द मराठी होते. त्या काळच्या यंत्रात दुसरी लिपी नव्हतीच. लिहिलं होतं: निघाले का? डबा घेतला नं?

"पुढं चल," काका घाईने म्हणाले. "ते पहिलं पान आहे. मंडळात ते गेल्यावरच भिंतीवर टाक."

मी पुढे गेले. तळांना काकांनी जबलपूरच्या आसपासच्या गावांची नावं दिलेली दिसली: पनागर, सिहोरा, कुंडम. हुकूम मागायचा तिथे लिहिलं होतं: बोला. मी काकांना म्हटलं, मंडळात हरायचं नसेल तर आधी ढाल वर करावी लागेल. त्यांनी खुर्ची जरा मागे सरकवली. म्हणाले, "कर."

मी दिवसभर बटणं दाबून चुका शोधणारी मुलगी. मला तो खेळ दोन रविवारांत समजला. ढाल वर, इंधन भरलेलं, नेम मोजून. नीट खेळलं की यान फार बोलायचं नाही. शत्रू पडला की एकच शब्द यायचा: ठीक. मी वाचायची, ठीक. पुन्हा ठीक. मला वाटायचं काका खूश होतील. ते खुर्चीत खाली खाली जात होते.

मंडळाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. बासरी झाली, नाणी झाली. काका इस्त्रीचा कोट घालून आले आणि स्टेजवर चढायच्या आधी त्यांनी चप्पल काढली. खाली कुणीतरी म्हणालं, "देवळात आले का काय." सगळे हसले. काकांनी टेबलाच्या कडेला हात लावून वाट काढली आणि ते माझ्या शेजारी बसले. मी मान खाली घालून वायर जोडत राहिले. पहिलं पान गेल्यावर मी भिंतीवर चित्र टाकलं. भिंतभर हिरवे ठिपके.

"नर्मदे हर," काका माईकवर म्हणाले.

सगळं नीट चाललं. मी कुजबुजायची, डावीकडे दोन, वर एक. काका दणदणीत आवाजात हुकूम द्यायचे, आणि पुढच्या रांगेतली मुलं शत्रू पडला की टाळ्या वाजवायची. एकदाच माझा आकडा चुकला. तोफगोळा शत्रूच्या बाजूने निघून गेला आणि भिंतीवर एक लांब ओळ आली. कुणी वाचायच्या आत मी पुढचं बटण दाबलं. पण मी ती वाचली होती: गेला वाया. फुकटात आला होता का?

माझा हात थांबला. हे मी ऐकलं होतं. याच शब्दांत, भिंतीपलीकडून, आमच्याकडून त्यांच्या अंगणात गेलेल्या प्रत्येक शटलकॉकच्या वेळी.

"काय म्हणालं?" काकांनी माईक झाकून विचारलं. मला तिथे, एवढ्या लोकांत ते वाचता येईना. मी म्हटलं, काही नाही, नेम चुकला.

आम्ही जिंकलो. कधी नव्हे ते काकांचं यान सगळे शत्रू संपवून उभं राहिलं आणि भिंतीवर शेवटचा निरोप आला. तो इंग्रजीत होता, पुस्तकात होता तसाच: कॅप्टन, अभिनंदन, तुम्ही आकाश वाचवलं. सभागृह उठून टाळ्या वाजवायला लागलं. सचिवबाईंनी शाल आणली. काका माझ्याकडे वाकले.

"काय लिहिलंय?"

मी सांगितलं.

"इंग्रजीत?"

"हो."

"ते करायचं राहून गेलं," ते म्हणाले. "तिथपर्यंत आम्ही कधी पोचलोच नाही नं."

परत येताना ऑटोत काका शाल मांडीवर घेऊन बसले. ड्रायव्हर बराच जोरात चालवत होता. मी वाट बघत होते, पण ते काही बोलले नाहीत. वार्प दोन नाही, तीन नाही. ऑटो खड्ड्यात आदळला तरी नाही. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की त्यांनी ड्रायव्हरला काहीतरी म्हणावं.

फाटकापाशी उतरल्यावर ते म्हणाले, "थोडी आत ये बेटा. चप्पल काढ."

आईने दिवे लावायची ती वेळ होती. काकांनी शाल खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि यान सुरू करायला सांगितलं. त्यांच्याच जुन्या यंत्रावर. मी सवयीने ढाल वर करायला गेले.

"ढाल राहू दे खाली."

"काका, मग आपण..."

"मला माहीत आहे." ते शेजारच्या भिंतीकडे बघत बोलत होते, म्हणजे कदाचित पडद्याकडेच, बाजूच्या नजरेने. "चांगलं खेळलं की ती बोलत नाही."

मग त्यांनी थोडं थोडं सांगितलं. मी मध्ये काही विचारलं नाही, ते मला जमतं. काकू आधी त्या यंत्राकडे ढुंकून बघायच्या नाहीत. पण मटार सोलायला बसायच्या त्याच खोलीत, पंखा तिथेच होता म्हणून. यान इंग्रजीत काही म्हणायचं आणि त्या विचारायच्या, काय म्हणते हो ती? काका सांगायचे, ढाल खाली आहे अशी सूचना आहे. काकू म्हणायच्या, मग सरळ सांगायचं नं तसं. आणि त्या सरळ सांगायच्या. एक दिवस काकांनी इंग्रजी ओळ खोडून काकूंची टाकली, गंमत म्हणून. काकूंनी अक्षर अक्षर लावून ती वाचली, आधी रागावल्या, मग शेजारची ओळ काय आहे ते विचारलं. असं वर्षानुवर्षं चाललं. मटार, गवार, तांदूळ. सगळं यान त्यांनी बोलून काढलं. जिंकायची ओळ तेवढी राहिली, कारण काका काकूंचं बोलणं ऐकायच्या नादात हरायचे.

"लोकांना मी कॅप्टन म्हणून सांगतो," ते म्हणाले. "आता लाज वाटते बाप्पा. कॅप्टन कोण होतं ते त्या यानात सगळं लिहिलेलं आहे. ती गेली तरी रोज बसायचो. वाचायचो. आता दिसत नाही. नाकाने वाचावं लागते, आणि नाकाने वाचलं की आवाज नाही येत."

मी यान पुढे नेलं. ढाल खाली. शत्रू समोर आला, यानाला तडाखा बसला आणि ओळ आली. मी ती वाचली. माझ्या इंग्रजी शाळेच्या मराठीत, स्टेशनवर गाडी लेट असल्याचं सांगतात तशी.

काकांनी मान हलवली. "असं नाही. ती सूचना नाही, ते बोलणं आहे. जरा रागावून बोल."

मला कुठल्याच भाषेत रागावून बोलता येत नाही. खिडकी उघडी होती, आणि पलीकडे आमच्या अंगणात आई कुंड्यांना पाणी घालत होती. मी आधी उठून खिडकी लावावी असं मनात आलं. काकांच्या या खिडकीतून मी कधी बाहेर पाहिलं नव्हतं. इथून आमचं सगळं अंगण दिसत होतं, जिथे मी उन्हात फिरायची ती जागासुद्धा.

मी खिडकी लावली नाही. इंधन संपत आलं होतं, पडद्यावर पुढची ओळ येऊन थांबली होती. मी घसा साफ केला आणि भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "अहो, काहून तिथंच बसून राहिले? जेवण थंड होऊन राहिलं. युद्ध काही पळून नाही जात."

पलीकडे पाण्याचा आवाज थांबला.

"आलो, आलो," काका म्हणाले, आणि उठले. उठता उठता त्यांचा पाय खुर्चीखाली चप्पल शोधू लागला. डावीकडे चाचपलं, उजवीकडे चाचपलं. चप्पल दाराबाहेर होती, टाचा भिंतीला लावून. मग त्यांना कळलं. ते तसेच उभे राहिले, एक पाय किंचित पुढे. आम्ही दोघंही पडद्याकडे बघायला लागलो, जसं काही तिथे फार महत्त्वाचं चाललं होतं.

मग ते हळूच खाली बसले.

पडद्यावर लिहिलं होतं: बोला. मी तेही वाचलं, शक्य तितकं रागावून.

"ढाल खालीच राहू दे," काका म्हणाले. "आणि कुंडमकडे घे. तिकडचा रस्ता खराब आहे, खूप बोलेल."